संगतीला दोष देण्याआधी

पत्राचा सारांश

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. वडील सातपूरच्या कंपनीत शिफ्टला जातात, आई घरी शिवणकाम करते. मुलगा नववीत, धाकटी मुलगी पाचवीत. मुलगा पाचवीपर्यंत घराजवळच्या मराठी शाळेत होता, वर्गात कायम पहिला. पाचवीच्या स्कॉलरशिप परीक्षेत गुणवत्ता यादीत आला, तेव्हा चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. एवढ्या हुशार पोराला चांगली शाळा हवी म्हणून कर्ज काढून सहावीला गंगापूर रोडकडच्या नावाजलेल्या शाळेत घातलं. मंडळ राज्याचंच, पण माध्यम इंग्रजी. तिथे पहिल्या वर्षापासून गुण उतरत गेले. आठवीत गणित आणि विज्ञान कसंबसं सुटलं. आठवीच्या शेवटी क्लासच्या बाहेर उभ्या राहणाऱ्या मोठ्या मुलांशी दोस्ती झाली. यंदा पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ६ गुण मिळाले. तो पेपर त्याने लपवला आणि वडिलांची सही स्वतःच केली. क्लासला दांड्या मारतो. सोमेश्वर परिसरात लायसन नसताना मोटारसायकल चालवताना ओळखीच्यांनी त्याला पाहिलं. गेल्या महिन्यात सरांनी वर्गात गुण वाचून दाखवले, एक मुलगा हसला आणि याने त्याच्या तोंडावर मारलं. ‘पुन्हा असं झालं तर दाखला घेऊन जा,’ असं शाळेने सांगितलंय. वडिलांनी मोबाइल काढून घेतला, ढोल पथक बंद केलं आणि दिवाळीनंतर त्याला निवासी शाळेत टाकायचं ठरवत आहेत. आई लिहितात, ‘पोरगा मुळात हुशार आहे हो, संगतीने वाया चाललाय. परवा अभ्यासाला बस म्हटलं तर म्हणाला, मला नाहीच येत काही, सोड ना माझा नाद. त्याला बाहेर पाठवावं की नाही, एवढं सांगा.’

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दिवाळीनंतर निवासी शाळेत पाठवू नका. का नको आणि त्याऐवजी काय करायचं, हे सांगायला मात्र जरा सविस्तर लिहावं लागेल.

तुम्ही घटनांचा क्रम असा लावला आहे: मुलगा हुशार होता, त्याला वाईट संगत लागली, वागणं बिघडलं, म्हणून अभ्यास गेला. पण तुम्हीच दिलेल्या इयत्ता पुन्हा वाचा. गुण उतरायला लागले सहावीत. ती मोठी मुलं भेटली आठवीच्या शेवटी. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत कोणाचीही वाईट संगत नव्हती, सही खोटी केली नव्हती, मारामारी नव्हती. तरीही मुलगा दर परीक्षेत खाली जात होता आणि गप्प होता. त्या गप्प वर्षांत त्याच्या मनात स्वतःबद्दल काय मत तयार झालं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘मला नाहीच येत काही’ हे वाक्य एका दिवसात येत नाही.

मुलाचं विद्यार्थी म्हणून स्वतःबद्दलचं मत कसं बनतं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं स्वतःबद्दल उदारच असतात. पळण्यात, चित्रांत, गणितात, सगळ्यातच ‘मी भारी’ असं त्यांना वाटतं. त्यानंतर ती शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बघून स्वतःला मोजायला लागतात. तुमचा मुलगा मोजायला लागला तेव्हा तो पहिला होता, आणि त्याची सगळी ओळख त्या पहिल्या नंबरावर उभी राहिली. घर, शाळा, चौक, सगळीकडे तो ‘स्कॉलरशिपवाला’ होता.

मग तुम्ही त्याला अशा वर्गात नेलं जिथे बहुतेक मुलं आपापल्या जुन्या शाळेतली हुशार मुलं होती आणि बालवाडीपासून इंग्रजीत शिकत होती. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट मांडली. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या, एक साधारण शाळेत आणि एक निवडक हुशार मुलांच्या शाळेत. दुसऱ्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत बहुधा खालचं निघतं, कारण त्याची मोजपट्टी आजूबाजूची मुलं असतात. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला की स्वतःला चिमुकला समजतो, अशा अर्थाचं नाव या परिणामाला पडलं आहे. पुढे २००३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची माहिती तपासली, तेव्हा हे चित्र देशोदेशी दिसलं. तुमच्या मुलाची कुवत सहावीच्या जून महिन्यात कमी झाली नव्हती. शेजारची मुलं बदलली होती आणि वर भाषाही बदलली होती.

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही. कर्ज काढून शाळा बदलणाऱ्या आईबापाचा हेतू मला स्वच्छ दिसतो, आणि नाशिकमध्ये सिडको, सातपूर, अंबडकडची कितीतरी कुटुंबं दर जूनमध्ये हाच निर्णय घेतात. काही मुलं त्या शाळांमध्ये छान रुळतातही. पण शाळा बदलल्यावर पहिली दोन वर्षं मुलाला आधार लागतो, हे त्या कुटुंबांना कोणी सांगत नाही. शाळाही सांगत नाही.

आता त्या फ्लेक्सकडे येते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. काही कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. ‘हुशार’ म्हणून कौतुक झालेल्या मुलांनी लवकर हात टेकले. नंतर दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी, स्वतःचं नाव न घालता, आपले गुण लिहायला सांगितले. तेव्हा हुशार ठरवलेल्या दहापैकी जवळजवळ चार मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. कौतुकाच्या शब्दांनीच सगळं ठरतं असं मी म्हणणार नाही, नंतरच्या अभ्यासांत असे परिणाम अनेकदा लहानच दिसले आहेत. पण तुमच्या मुलाने केलेली खोटी सही मी या प्रयोगाच्या शेजारी ठेवून बघते. ‘हुशार’ हीच ज्याची ओळख आहे, त्याच्यासाठी २० पैकी ६ हा नुसता गणिताचा गुण राहत नाही. तो दाखवायचा म्हणजे ‘मी आता तुमचा तो मुलगा नाही’ हे आईबापांना स्वतःच्या हाताने सांगायचं. सही करणं चूकच, त्याबद्दल पुढे बोलू. पण त्यामागे बेफिकिरी नाही. ज्याला काहीच वाटत नाही, तो पेपर लपवत नाही, टेबलावर टाकून निघून जातो.

क्लासच्या दांड्यांचंही तसंच आहे. प्रयत्न करून नापास होणं आणि प्रयत्नच न करून नापास होणं, यातलं दुसरं पोराला सोपं जातं. अभ्यास केला नाही म्हणून मार्क गेले, असं म्हटलं की ‘मनात आणलं तर करीन’ ही पळवाट शिल्लक राहते. अभ्यास करूनही मार्क गेले, तर मग उरलं काय? किशोरवयात ही भीती फार तीव्र असते आणि मुलं तिला आळसाचं रूप देतात. घरातल्यांना आळस दिसतो, म्हणून ते आळसावर उपाय करतात.

मग ही मोठी मुलं कुठून आली? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्येच मांडलं होतं की शाळेच्या मापाने ज्यांना कधीच मान मिळत नाही, अशी मुलं एकत्र येऊन स्वतःचं वेगळं माप तयार करतात. तिथे सरांना उलट बोलणं, गाडी पळवणं, कोणाला न घाबरणं याला मान असतो. वर्गात शेवटून तिसरा असणारा मुलगा सोमेश्वरच्या रस्त्यावर कोणीतरी असतो. संगतीने भर नक्कीच घातली. चौदाव्या वर्षी मित्र बघत असले की मुलं जास्त धोका पत्करतात, हे प्रयोगांतही दिसून आलंय. म्हणून मोटारसायकलची मला तुमच्याइतकीच काळजी वाटते. पण ती मुलं उद्या नाशिक सोडून गेली, तरी वर्गात हसणारा मुलगा आणि ते २० पैकी ६ तिथेच राहतील. मग तो दुसरी मुलं शोधेल.

एक सावधगिरीही सांगते, कारण हे वाचून दुसरे पालक लगेच आपल्या मुलाला हेच लावतील. हे नेहमी याच दिशेने घडतं असं नाही. काही मुलांचं लक्ष लहानपणापासूनच टिकत नाही आणि त्यातूनच अभ्यास आणि वागणं दोन्ही बिघडतं. काहींच्या घरात भांडणं असतात, काहींना नैराश्य असतं, काहींना वाचनातच मूलभूत अडचण असते आणि ती ओळखलेलीच नसते. शिवाय एकदा चक्र सुरू झालं की ते दोन्हीकडून फिरतं: दांडी मारली की धडा बुडतो, धडा बुडला की वर्गात बसणं असह्य होतं, म्हणून आणखी एक दांडी. तुमच्या मुलाच्या बाबतीत सुरुवात सहावीत झाली, एवढंच मी खात्रीने म्हणते, कारण पाचवीपर्यंत त्याला ना वाचनाची अडचण होती ना लक्षाची.

आता निवासी शाळेचं. वडिलांचं म्हणणं मला कळतं. वातावरण बदललं, शिस्त लागली, मोबाइल नसला की पोरगं सुधारेल. ज्या मुलांना मैदानाची, नियमित दिवसाची ओढ असते आणि जी स्वतः जायला तयार असतात, त्यांना अशा शाळा मानवतात. पण शिक्षा म्हणून पाठवलेल्या मुलाला तिथे काय ऐकू येईल याचा विचार करा. ‘मला काही येत नाही’ हे त्याचं मत आहेच. त्यावर ‘आता मी घरातही नकोसा झालो’ हे चढेल. सहावी ते नववीची गणिताची पोकळी तो बॅगेत घालून सोबत नेईल आणि पुन्हा एका नव्या वर्गात, वर्षाच्या मध्यात, अनोळखी मुलांमध्ये स्वतःला मोजेल. दहावी एका वर्षावर आलेली असताना हा धोका मला मोठा वाटतो. दहावीनंतर त्याला स्वतःला वसतिगृहात राहून काही शिकायचं असेल, तर तो प्रश्न वेगळा.

परत मराठी किंवा सेमीच्या शाळेत आणणं हाही पर्याय आहे, तुम्ही तो विचारला नाही तरी. सातवीत विचारलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. नववीच्या मध्यात नको. दाखला काढायची वेळ आलीच, तर मात्र घराजवळची सेमी इंग्रजीची शाळा निवासी शाळेपेक्षा बरी. त्याला ‘खाली उतरवलं’ असं वाटू नये म्हणून निर्णयात त्यालाच सामील करून घ्या.

मग सध्या करायचं काय? सगळ्यात आधी एक छोटी तपासणी करा, ती मला फार महत्त्वाची वाटते. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि एकाच इयत्तेचं गणित मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत असतं. सातवीच्या गणिताचं मराठी पुस्तक उघडा. नववीचं नको. त्यातली चार-पाच शाब्दिक उदाहरणं त्याला तोंडी, मराठीत विचारायची. व्याजाचं एक, टक्केवारीचं एक, अपूर्णांकाचं एक. मग तीच उदाहरणं इंग्रजी पुस्तकातून वाचायला द्यायची. मराठीत सुटली आणि इंग्रजीत अडली, तर त्याचं गणित शाबूत आहे, प्रश्नाची भाषा आडवी येते. मराठी शाळेतून आलेल्या मुलांमध्ये हे सर्रास आढळतं आणि सर्रास दुर्लक्षिलंही जातं, कारण इंग्रजी वर्गात ‘मला प्रश्नच कळला नाही’ असं म्हणणं ही नामुष्की वाटते. मराठीतही अडली, तर कुठे अडली ते बघायचं. अपूर्णांक, ऋण संख्या आणि कंस सोडवणं ही तीन ठिकाणं पक्की नसतील तर नववीचं बीजगणित कोणत्याही क्लासमध्ये कितीही तास बसून येणार नाही.

ही तपासणी तुम्ही किंवा वडिलांनी घेऊ नका. घरच्यांनी घेतली की ती परीक्षा होते. शेजारपाजारी डिप्लोमा, इंजिनिअरिंगचा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, शक्यतो स्वतः मराठी शाळेतून गेलेली, तर तिला सांगा. साठ मुलांच्या क्लासची फी भरण्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस तासभर अशी एकटी शिकवणी लावा, आणि ती सहावी-सातवीच्या पुस्तकापासून सुरू करा. लपूनछपून नको. त्याला सरळ सांगायचं की भाषा बदलली तेव्हा तुझा हा भाग राहून गेला, तो भरून काढू, चार-सहा महिने लागतील.

इथे कौतुकाबद्दल एक गोष्ट. ‘तू हुशार आहेस, तुला सगळं येतं, फक्त मनावर घे,’ हे आता बंद करा. तुम्हाला तो धीर वाटतो, त्याला ते ओझं वाटतं, कारण मनावर घेऊनही जमलं नाही तर काय, ही भीती त्याला आहेच. नुसता आत्मविश्वास वाढवून गुण वाढत नाहीत. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, त्यात हेच दिसलं. स्वतःबद्दलचं मत बदलतं ते प्रत्यक्ष काही जमल्यावर. काल न सुटलेलं उदाहरण आज सुटलं, हे त्याने स्वतः पाहिलं पाहिजे. म्हणून बोलायचं तर नेमकं बोला: ‘मागच्या आठवड्यात कंस सोडवताना चिन्ह चुकत होतं, आज तिन्ही बरोबर आली.’ तुलना करायची ती त्याच्याच मागच्या महिन्याशी.

अभ्यासातलं स्वतःबद्दलचं मत एकसंध नसतं, हेही त्याला दाखवून द्या. मूल गणितातलं स्वतःबद्दलचं मत वेगळं बाळगतं आणि भाषेतलं वेगळं. तुमच्या पत्रात मराठी, हिंदी, इतिहास यांचा उल्लेखही नाही. त्यात त्याला किती पडतात? बरे पडत असतील, तर ‘मला काहीच येत नाही’ यातलं ‘काहीच’ खोटं आहे, आणि हे त्याला प्रगतिपुस्तक समोर ठेवून शांतपणे सांगता येईल.

ढोल पथक परत सुरू करा. यावर वडील नाराज होतील, तरी मी आग्रह धरते. नाशिकचा ढोल ही काही टवाळकी नाही. सरावाला वेळेवर यावं लागतं, ठेका चुकला की सगळ्यांचा चुकतो, मिरवणुकीत तासन्‌तास उभं राहावं लागतं. तिथे तो शिस्तीत वागतो, आणि तिथे त्याला कोणी गुण विचारत नाही. मान मिळण्याची त्याच्याकडची एक चांगली जागा तुम्ही बंद केलीत, उरली ती फक्त सोमेश्वरची. पुढच्या गणपतीपर्यंत सराव नसेल तर पथकातल्या मोठ्या दादांशी बोला, एखादं काम, वाद्यांची देखभाल, लहानांना शिकवणं, त्याच्याकडे येऊ द्या. आणि पथक पुन्हा कधीही मार्कांशी बांधू नका.

मित्रांवर सरसकट बंदी घालू नका, ती पाळली जाणार नाही आणि खोटं मात्र वाढेल. त्यांना घरी बोलवा. चहा द्या, नावं विचारा, कुठे राहतात, काय करतात ते कळू द्या. घरात येऊन गेलेला मुलगा तुमच्या पोराला भलत्या ठिकाणी न्यायला जरा कचरतो. काही मुलं चांगलीही निघतील.

मोटारसायकलला मात्र ठाम नाही, आणि यावर चर्चा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे त्याला सांगा, त्याच्या त्या मित्रांनाही सांगा, कारण गाडी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरची आहे. कायद्यापेक्षा त्याचा जीव मोठा, हेही तोंडाने म्हणा. पोरांना ते ऐकायचं असतं.

मारामारी आणि सही यांचे परिणाम त्याला भोगू द्या, पण ते त्या चुकीशी जोडलेले असू देत. ज्या मुलाला मारलं, त्याच्यासमोर जाऊन माफी मागायची, वडिलांनी सोबत जायचं पण बोलायचं त्याने. सहीबद्दल वर्गशिक्षकांना स्वतः चिठ्ठी लिहून द्यायची. एवढं झालं की विषय संपला. महिनाभर जेवताना तोच विषय काढायचा नाही.

शाळेत तुम्ही दोघंही जा. बोलावणं यायची वाट बघू नका. तक्रार घेऊन न जाता मदत मागायला आलोय असं सांगा. गुण वर्गात मोठ्याने वाचू नयेत, ही विनंती स्पष्ट शब्दांत करा, ती तुमच्याच मुलासाठी नाही तर सगळ्यांसाठी योग्य आहे. गणिताच्या शिक्षकांना सांगा की तो मागचं भरून काढतोय, फळ्यावर अचानक उभं करू नका, वही मात्र तपासा. आणि वर्गात त्याला एखादी जबाबदारी देता येईल का ते विचारा. शिक्षक चांगले असतील तर ऐकतात, आणि बहुतेक असतात. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना सामील करून घ्या.

धाकटीला या सगळ्यातून बाहेर ठेवा. ती पाचवीत आहे, अभ्यासात चांगली आहे. ‘बघ तुझी बहीण’ हे वाक्य घरात उच्चारलं जाऊ नये. त्याचा तिलाही त्रास आहे. आज तिला गुणी मुलीचं काम मिळालंय, आणि उद्या तिचे गुण घसरले तर ती ते कोणाला सांगणार?

आता त्या एका वाक्याबद्दल, ‘सोड ना माझा नाद.’ मुलं वैतागून असं म्हणतात, बहुतेकदा त्याचा अर्थ तेवढाच असतो. तरी विचारून घ्या. रात्री शांत वेळी, त्याच्या शेजारी बसून, ‘तुला कधी जगूच नये असं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. तो हो म्हणाला, किंवा झोप-भूक उडाली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, स्वतःला इजा करत असेल, तंबाखू किंवा आणखी कशाचा वास येत असेल, तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. ज्या पालकांची मुलं पहिली-दुसरीपासूनच वाचताना अडखळतात, अक्षरं उलटसुलट लिहितात, त्यांनी अध्ययन अक्षमतेची तपासणी जरूर करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

शेवटी वडिलांसाठी, हे त्यांना वाचायला द्या. दादा, तुम्ही शिफ्ट करून, कर्ज काढून ज्या शाळेत मुलाला घातलंत, तिथून दाखला काढायची भाषा ऐकताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला कळतं. तुमचा राग खोटा नाही. पण तुमच्या मुलाला तुमचा राग माहीत आहे, तुमचं बाकी काही माहीत नाही. तुम्ही शाळेत कसे होतात, कुठला विषय जात नव्हता, कंपनीत पहिल्यांदा मशीनवर उभे राहिलात तेव्हा काय चुकलं, हे त्याला कधी सांगितलंय का? सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. घरापासून जवळ आहे. समोरासमोर बसून मुलं बोलत नाहीत, चालता चालता बोलतात. पहिल्या दिवशी काहीच बोलणार नाही, तरी पुढच्या सुट्टीला परत न्या. अभ्यासाचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढला तर ऐका, आणि ‘मी तुझ्या वयात’ने सुरू होणारी शिकवण देऊ नका, गोष्ट सांगा. दहावीनंतर डिप्लोमा आहे, त्र्यंबक रोडचं आयटीआय आहे, आर्ट्स-कॉमर्स आहे, हे मार्ग धमकी म्हणून वापरू नका. ज्या हाताच्या कामावर तुमचं घर चालतं, त्याच कामाची भीती मुलाला घालू नका.

ताई, पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आहे आणि एवढ्या दिवसांत गणिताचे गुण वाढणार नाहीत, हे आत्ताच मान्य करून ठेवा. निकालाच्या दिवशी त्याने पेपर स्वतःहून दाखवला, तर गुण कितीही असोत, आधी ‘दाखवलास ते बरं केलंस’ एवढं म्हणा आणि पेपर शिकवणीच्या ताई-दादांकडे जाऊ द्या. सातवीच्या पुस्तकाच्या तपासणीत काय निघालं, भाषा अडते की गणित, ते मला कळवा. त्यावर पुढचं ठरवता येईल.